हात लावला?

९ जानेवारी

ताई,

तुझी पत्रं मिळाली होती. सगळी. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. हे पत्रही खुशालीसाठी नाही, तेव्हा पाकीट फोडल्या फोडल्या डोळ्यांना पदर लावू नकोस. एकच गोष्ट विचारायची आहे आणि तिचं सरळ उत्तर हवं आहे.

लंबूला माझ्या कामावर तू पाठवलंस का?

सोमवारी सकाळी गच्चीवर दोर मोकळे करत होतो. मुकादमाच्या मागून एक माणूस जिन्याच्या दारातून बाहेर आला. दारात वाकला, तेव्हाच ओळखला. त्या दारात वाकावं लागेल इतका उंच माणूस आपल्या ओळखीत एकच आहे. केस पिकलेत, गालफडं बसलीत, पण तोच. मुकादम म्हणाला, नवा गडी आहे, पण दोरावरचा हात जुना आहे. लंबूने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी ओळख दाखवली नाही. का नाही दाखवली, ते मला विचारू नकोस.

तुला आमचं काम ठाऊक आहे, पण पत्र भाऊजीही वाचतील, आणि तुम्ही तिथे लोंबकळता तरी कसे, असं ते दर वेळी विचारायचे, म्हणून सांगतो. काचा धुणाऱ्या प्रत्येकाला दोन दोर. एक कामाचा, त्यावर पाट असतो आणि पाटावर तो बसतो. दुसरा जिवाचा. कामाचा दोर दगा देईल तेव्हा हा धरतो. दोन्ही गाठी ज्याच्या त्याने बांधायच्या आणि गच्चीवर थांबणाऱ्याने तपासायच्या. बघून नाही, बोटांनी. ओल्या दोरात चुकलेली गाठ आणि बरोबर गाठ दिसायला सारखीच असते, बोटांना मात्र फसवता येत नाही. उतरणारा कठड्यावर बसून विचारतो, "हात लावला?" वरचा म्हणतो, "लावला." तेवढं ऐकल्याशिवाय कोणी पाय पलीकडे सोडत नाही. आणखी एक नियम आहे, गाठ बांधणाऱ्याशी बोलायचं नाही. बोलण्यात माणूस अर्धी गाठ विसरतो.

आपला धाकटा भाऊ दोरावरून पडला, त्या दिवशी गच्चीवर लंबू होता. त्याने लांबून बघितलं आणि "लावला" म्हणाला. चौकशीत त्याने हे आपणहून सांगितलं आणि तू त्याच्या खरेपणावर भाळलीस. तो चर्चमध्ये येऊन मागे उभा राहिला, तर तू उठून गेलीस, त्याचा हात धरून त्याला आपल्या बाकावर आणलंस आणि धाकट्याच्या जागेवर बसवलंस. सगळी मंडळी रडली. मी उठून बाहेर गेलो, तो तुमच्या चर्चच्या आजवर बाहेरच आहे.

आता गच्चीवर मी असतो. गुडघा दुखतो, म्हणून हल्ली उतरत नाही. म्हणजे रोज सकाळी तो माणूस मला विचारणार, हात लावला? कळलं ना, मी का लिहितोय ते.

तुझा भाऊ


२० जानेवारी

ताई,

तू पाठवलं नाहीस, हे मानलं. तू खोटं बोलत नाहीस, तुझा त्रास वेगळाच आहे.

तू लिहितेस, आजच्या आज मुकादमाकडे जा, त्याला दुसऱ्या इमारतीवर टाकायला सांग, किंवा तू जा. जाणार होतो. एके दिवशी मुकादम रजेवर होता. दुसऱ्या दिवशी साबणाचे डबे कमी आले म्हणून तो कावलेला होता. मग माझ्याच लक्षात आलं की मी कारणं गोळा करतोय. खरं सांगू? मला तो दोर हातात हवा होता. दिवसभर मी त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही, पण सकाळी त्याच्या गाठीवर बोटं फिरवताना जे वाटतं, ते गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ते चांगलं नाही, एवढं कळतं मला.

तपासतो मी. नीट तपासतो. उगाच घाबरू नकोस.

रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन मोहावर होतं. दारू, जुगार, परस्त्री, लाच. मी मनातल्या मनात एकेकावर खूण करत गेलो आणि सगळ्यांतून सुटलो. ही शेजारी बसून माझ्याकडे अशी बघत होती, जणू असा नवरा गावात दुसरा नाही. मग प्रभुभोजन झालं, द्राक्षरसाचा प्याला बाकाबाकावरून फिरला. आपल्या मंडळीत ज्याचं कोणाशी वैर आहे, तो प्याला न पिता शेजाऱ्याकडे सरकवतो आणि कोणी त्याला काही विचारत नाही. धाकटा गेल्यापासून मी सरकवतोच आहे. हिला आता त्याची इतकी सवय झालीय की माझ्या हाताखालून ती प्याला परस्पर घेते.

माझा मोह त्या प्रवचनात नव्हता, ताई. माझा मोह म्हणजे काहीच न करणं. लहानपणी वाटायचं, सैतान आला की अंगावर काटा येत असेल. तसं काही होत नाही. तो माझ्याच आवाजात बोलतो, आणि शहाण्यासारखं बोलतो. म्हणतो, तुला कोणाला ढकलायचं नाहीये. दोराला सुरी लावायची नाहीये. त्या माणसाने जे केलं तेवढंच कर. नुसतं बघ. त्याला तर तुझ्या बहिणीने माफ केलं, म्हणजे ते पाप काही फार मोठं नसणार.

या शेवटच्या वाक्याचं उत्तर मला सापडत नाही. तुला सापडलं तर कळव. लवकर कळव.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

ताई,

कोणाला काही झालेलं नाही, हे आधी लिहितो. सगळे घरी गेलेत, लंबूसुद्धा.

मी मात्र नीट नाही. अक्षर बघतेसच. हिला अजून काही सांगितलेलं नाही, ती आत कपड्यांच्या घड्या घालतेय. तुला सांगायला बसलो, पण पुढचं वाक्य येत नाही. माझ्यासाठी प्रार्थना कर. का, ते न विचारता कर.


५ फेब्रुवारी

ताई,

आता सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा सांगणार नाही, म्हणून एका दमात वाच.

त्या दिवशी सकाळी लंबू गुडघ्यांवर बसून जिवाच्या दोराची गाठ बांधत होता. त्याचं लक्ष मध्येच उडालं. वेढा घेतल्यावर दोराचं टोक परत आत ओवायचं असतं, ते राहिलं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. तिथून ते कोणाला दिसलं नसतं. मला दिसलं, कारण तो आल्यापासून मी दुसरं काही बघतच नव्हतो. धाकट्याची गाठ अशीच राहिली होती.

तो उठला, कठड्यावर बसला आणि त्याने विचारलं, "हात लावला?"

मी म्हणालो, "लावला."

जागेवरून हललोही नव्हतो. त्याने माझ्याकडे वळून बघितलं नाही. विश्वासाने म्हण की शरमेने म्हण, तो माझ्याकडे कधी बघतच नाही. पाय पलीकडे सोडले आणि तो उतरला. कामाचा दोर ताणला गेला. जिवाचा दोर गच्चीवर नुसता पडून होता. खालून बादलीचा आवाज आला, मग काचेवर रबर ओढल्याचा. रोजचेच आवाज.

मी स्वतःला समजावत होतो. कामाचा दोर नवा आहे, तो कशाला तुटतोय. काही होणार नाही. आणि झालंच, तर ते माझ्या हातून झालेलं नसेल. ताई, मी तिथे अगदी शांत उभा होतो. रागावलेलो नव्हतो. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्याचीच मला आता भीती वाटते.

प्रार्थना करावी असं मनात आलं. तोंड उघडलं, पण प्रार्थनेला देवासमोर उभं राहायचं तर आधी सांगावं लागतं की प्रभू, मी आत्ता हे हे करतोय. ते सांगायला जीभ वळेना. रविवारची प्रार्थना म्हणू लागलो, तर "जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला कर" या ओळीवर अडलो. ती गाळून पुढे गेलो, तर पुढे "मोहात पडू देऊ नको" ही ओळ. तीही म्हणवेना. लहानपणापासून म्हणतोय, कधी अर्थ बघितला नव्हता. आम्ही नुसतं घडाघडा म्हणायचो आणि तू मागून चिमटे काढायचीस.

मग तो शब्द मला ऐकू आला. लावला. माझाच. इतकी वर्षं मी झोपताना त्या माणसाला मनात एकच विचारत आलो, कसा रे निघाला हा शब्द तुझ्या तोंडून? आता कळलं कसा निघतो. काही त्रास होत नाही. आधीपासून तोंडातच असतो.

मी धावलो. धावलो म्हणजे दोरावर पडलोच. दोर पोटाखाली दाबून धरला, खांबाला वेढे मारले, गाठ सोडली, पुन्हा बांधली, टोक आत ओवलं, बोटांनी चाचपली, परत चाचपली. कोपरं सोलून निघाली. मग कठड्यावरून ओरडलो, "वर ये."

तो वर येईपर्यंत जो वेळ गेला, त्यात दुसरा मोह आला. तो पहिल्यापेक्षा गोड होता. गाठ आता ठीक होती. कोणाला काही कळलं नव्हतं. वर आल्यावर सांगायचं, वारा वाढलाय, थोडं थांब. देवाचे आभार मानायचे, पुढच्या रविवारी मोठ्याने गायचं, संपलं. देवाने मला वाचवलं, असं चर्चमध्ये उठून साक्ष देतानाही सांगता आलं असतं, काय झालं ते न सांगता.

तो कठडा चढून आत आला आणि मी म्हणालो, "मी हात लावला नव्हता. गाठ चुकलेली दिसली होती. तरी लावला म्हणालो."

तो टाकीला पाठ लावून खाली बसला, लांब पाय पसरून. पाणी मागितलं. मी बाटली दिली, तर त्याच्याने झाकण उघडेना. मग उठला, कमरेचा पट्टा काढला, नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि जिन्याकडे गेला. दारात वाकायला विसरला. कपाळ असं आपटलं की मला टाकीपाशी ऐकू आलं. मला हसू फुटलं, ताई. हसता हसता तिथेच बसून मी ओक्साबोक्शी रडलो.


८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. येण्याआधी हे लिहितो, नाहीतर तू मला मागच्या पत्रावरून माफ करशील आणि ती माफी फुकट जाईल. त्यात मी एक गोष्ट लपवली.

लंबूचं लक्ष मध्येच उडालं, असं लिहिलं होतं ना. ते उडालं नाही, मी उडवलं. तो गाठ बांधत असताना मी त्याला विचारलं, "त्या दिवशी धाकटा शेवटचं काय बोलला?" बांधणाऱ्याशी बोलायचं नाही हे मला माहीत आहे. नव्या पोरांना मीच शिकवतो. इतक्या दिवसांत त्याच्याशी एक अक्षर न बोललेला मी नेमका तेव्हा बोललो. त्याचे हात थांबले.  मग त्याने हात पुन्हा चालवले, पण टोक राहून गेलं. उत्तर दिलं नाही. मी सहज विचारलं होतं, असं दोन दिवस स्वतःला सांगून बघितलं. ते टिकत नाही.

आणखी एक. माझा गुडघा ठणठणीत आहे. धाकटा गेल्यापासून मला कठड्यापाशी उभं राहवत नाही, पाय लटपटतात. ते कोणाला कळू नये म्हणून गुडघा पुढे केला. हिलाही गुडघाच माहीत होता. बिचारीने किती तेल चोळलं.

काल मुकादमाला सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग त्याने ज्या शिव्या दिल्या, त्या तुला लिहिण्यासारख्या नाहीत, पण एकही चुकीची नव्हती. शेवटी म्हणाला, "गच्चीवर तू पुन्हा उभा राहायचा नाहीस. पाटावर बस, नाहीतर घरी बस." आणि वर बजावलं, उद्यापर्यंत सांग.

घरी येऊन हिला सांगितलं. लंबूचं, गुडघ्याचं, सगळं.  तिने उठून ताट वाढलं आणि म्हणाली, "आधी जेवा. मग त्याच्याकडे जाऊन या."

गेलो. टायरच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे तो एकटा राहतो. कपाळावर टेंगूळ तसंच होतं. एकच खुर्ची होती, ती मला दिली आणि स्वतः खाटेवर बसला. मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, वाक्यं जुळत नव्हती. बांधताना मुद्दाम बोललो, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "मला माफी मागता येते. इतकी वर्षं मागतच आलोय. देता येते का, ते माहीत नाही. कोणी माझ्याकडे कधी मागितलीच नाही."

  मी उठणार, तेवढ्यात त्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"तुझी नक्कल करत होता," म्हणाला. "जेवणाआधीची प्रार्थना तू किती लांबवतोस, त्याची. अन्न गार होतं आणि तू अजून परदेशातल्या आजाऱ्यांपर्यंत पोचलेला असतोस. मी हसत होतो. हसता हसता बघितलं आणि लावला म्हणालो."

धाकटा माझी नक्कल करायचा, हे मला माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं?


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. हो, म्हणजे तुलाही माहीत होतं, आणि भाऊजींनाही. सगळं घर हसत होतं आणि मी डोळे मिटून आजाऱ्यांसाठी मागत होतो. असू दे.

मी पाटावर बसलो. कसा, ते सांगतो.

सकाळी गच्चीवर सगळे जमले होते. मुकादमाने विचारलं, याच्या गाठींना हात कोण लावतो? कोणी पुढे येईना. त्यांचंही बरोबर होतं. जो खोटं "लावला" म्हणतो त्याच्याजवळ कोण उभा राहील? सगळे बादल्या, बोळे, आपापले पट्टे बघायला लागले. लंबू जिन्याच्या दारापाशी होता. आठवडाभराने त्या दिवशीच कामावर आला होता. तो म्हणाला, "मी लावतो."

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. चालेल का, असं त्याला विचारायचं होतं. धाकट्याचं त्याला आता ठाऊक होतं. त्या क्षणी, ताई, सगळं परत आलं. लांबून बघणारा तो, खाली धाकटा. मी नाही म्हणू शकलो असतो. घरी बसायला कोणी अडवलं नव्हतं. पण तो मी तपासलेल्या गाठीखाली रोज लटकत होता, माझ्या मनात काय आहे ते कळत असूनही, आणि रोज विचारत होता. मी मान हलवली.

गुडघे टेकून गाठी बांधल्या. कोणी बोललं नाही. वारा होता, पण तोही मला ऐकू आला नाही. कठड्यावर बसलो तर मांड्या अशा लटपटायला लागल्या की पाट खडखडला. सगळ्यांना दिसलं. गुडघ्याचं सोंग तिथेच संपलं.

लंबू वाकला. पहिल्या गाठीवर बोटं फिरवली, ओढून बघितली. दुसरीवर फिरवली, टोक चिमटीत धरलं. परत पहिलीकडे आला. मुकादम चुळबुळायला लागला, सूर्य वर आला, खालच्या मजल्यांचं काम खोळंबलं. तो आपला हात काढेना. त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल, किंवा नुसतं मोजणं असेल, मी विचारलं नाही.

मी विचारलं, "हात लावला?"

त्याने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. कामावर आला त्या पहिल्या सकाळनंतर पहिल्यांदाच. म्हणाला, "लावला."

आणि मी पाय सोडले. शूरासारखा बिलकूल नाही, डोळे गच्च मिटून. दोर इतका आवळून धरला होता की तळहात आजही दुखतात. डोळे उघडले, तेव्हा काचेच्या आत एक बाई फोनवर बोलत चहा पीत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी काच धुतली. मग पुढची धुतली.

माझ्या मनातून ते गेलं का, असं तू विचारशीलच. पुरतं नाही गेलं. परवा तो कोणाच्या तरी विनोदावर हसला आणि माझ्या डोक्यात तेच सुरू झालं, हा हसतो कसा? तोच शहाणा आवाज. पण आता तो आला की ओळखतो. पूर्वी वाटायचं, एकदा देवाने मोहातून सोडवलं की सुटलो. तसं नसतं, निदान माझं तरी नाही. रोज सकाळी परत तिथेच गुडघे टेकावे लागतात. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग टेक. मला वाटलं होतं, काही तरी मोठं बोलतील.

तू त्याला माफ केलंस ते पाप छोटं होतं म्हणून नाही, हेही आता कळलं. ते मोठं होतं म्हणूनच तुला उठून मागच्या बाकापर्यंत जावं लागलं. आणि मी तुझ्यावरच रुसून बसलो, कारण त्याच्यावर रागावण्यापेक्षा ते सोपं होतं. तू उलटून बोलणार नाहीस, हे माहीत होतं ना.

रविवारी प्याला आला. हिने सवयीने हात पुढे केला. मी प्याला धरून ठेवला, मग सरकवला. लंबूमुळे नाही. तुझ्यामुळे. तुझ्याशी नीट झाल्याशिवाय मला तो पिता येणार नाही. ही म्हणाली, मग वाट कसली बघताय?

शनिवारच्या गाडीने येतोय. एकटाच. रविवारी तुमच्या चर्चमध्ये तुझ्या शेजारी जागा धर. जेवणाआधीची प्रार्थना भाऊजींनी करावी, मी करणार नाही.

एक विनंती आहे. मी दारात उभा राहीन आणि बहुतेक मला काही बोलता येणार नाही. तेव्हा तू लांबूनच बघून "बरा दिसतोस रे" म्हणू नकोस. जवळ ये. हात लावून बघ.

तुझा
बोक्या